सिंगापूरला खेकडा खायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं माहेर मालवणचं, घर आता सिंगापुरात. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी आली की मुंबई, पुणे, गोव्याहून कोणी ना कोणी येतंच. विमानतळावरून घरी पोचेपर्यंत पहिला प्रश्न ठरलेला: "तो चिली क्रॅब कुठे खायचा गं?" त्यामागोमाग पैशांचे, बिलाचे, शाकाहारी काकूंचे, लहान मुलांचे प्रश्न येतात. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवलंय.

सिंगापूरचं सीफूड रेस्टॉरंट म्हणजे नेमकं कसं असतं?

दाराशी काचेच्या टाक्या असतात. त्यात दोरीने नांग्या बांधलेले खेकडे, शेवंड, जिवंत कोळंबी, मासे. आत मोठी गोल टेबलं आणि मधोमध फिरती तबकडी. स्वयंपाकाचा पाया चिनी, त्यातही हॉक्येन, त्योच्यू आणि कँटनीज घराण्यांचा. पण सांबल (मिरचीचं वाटण) आणि बलाचान (आंबवलेल्या कोळंबीची वडी) मलाय लोकांकडून आलेलं, आणि कढीपत्ता आपल्या दक्षिणेकडून. हे सगळं एकाच कढईत मुरलंय, म्हणून ही चव चीनमध्येही मिळत नाही.

ताट प्रत्येकाचं वेगळं नसतं. पदार्थ टेबलाच्या मधे येतात आणि सगळे वाटून घेतात. भात मात्र माणशी वाटी. सहा माणसांना एक खेकडा, एक मासा, एक कोळंबीचा प्रकार, एक पालेभाजी आणि भात किंवा नूडल्स पुरतात. दोघांनीच गेलात तर फार काही चाखता येत नाही, म्हणून शक्यतो चार-सहा जण मिळून जा.

चिली क्रॅब आला कुठून?

ही गोष्ट मला फार आवडते. चेर याम त्यान नावाची एक गृहिणी घरी खेकडे नुसते वाफवून करायची. नवरा म्हणाला, रोज तेच काय, काहीतरी वेगळं कर. तिने टोमॅटो सॉस घालून पाहिला. ते गोड झालं, म्हणून पुढच्या वेळी मिरचीचा सॉसही घातला. शेजारपाजारी आवडायला लागलं तेव्हा १९५६ साली दोघांनी अप्पर ईस्ट कोस्ट रोडच्या बाजूला समुद्राकाठी हातगाडी लावली. पुढे त्याच गाडीचं पाम बीच हे रेस्टॉरंट झालं. त्यांच्या मुलाचं रोलंड रेस्टॉरंट मरीन परेडला आजही चालू आहे, तेही एका वाहनतळाच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास चुकतो, खाली उभा राहून शोधत बसतो.

आज बहुतेक ठिकाणी मिळणारी चव मात्र थोडी वेगळी आहे. १९६३ साली ड्रॅगन फीनिक्सचे शेफ हूई कोक वाय यांनी बाटलीतल्या सॉसऐवजी सांबल आणि टोमॅटो वापरून, वरून फेटलेलं अंडं सोडून रस्सा केला. रश्शात जे अंड्याचे मऊ धागे दिसतात ते त्यांचे. काळ्या मिरीचा खेकडा लाँग बीच सीफूडचा, १९५९ चा. म्हणजे सिंगापूर स्वतंत्र देश व्हायच्या आधीच (तो १९६५ साली झाला) त्याचे दोन्ही प्रसिद्ध खेकडे तयार होते.

खेकडा आपल्या चिंबोरीपेक्षा वेगळा असतो का?

नाही. खाडीतल्या चिखलात, खारफुटीत राहणारी आपली चिंबोरी किंवा मालवणी कुर्ली त्याच कुळातली. सिंगापुरात तो मुख्यतः श्रीलंकेहून येतो, म्हणून मेन्यूवर "श्रीलंकन क्रॅब" लिहिलेलं दिसतं. इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि भारताच्या किनाऱ्यावरूनही जिवंत माल येतो. फरक आकाराचा. आपल्या बाजारात पाव-अर्धा किलोची चिंबोरी मिळाली तरी आपण खूश होतो, इथे एकेक खेकडा ८०० ग्रॅम ते सव्वा किलो सहज असतो. डेंगे माणसाच्या मुठीएवढे.

आई पहिल्यांदा आली तेव्हा टाकीपाशी थांबली आणि वाढप्याला खुणेने म्हणाली, उलटा करून दाखव. त्याने केला. पोटाखालचा पडदा निमुळता होता. "नर," आई म्हणाली, "हाच घे, मास जास्त." पडदा रुंद, गोलसर असेल तर मादी, आणि तिच्यात केशरी लाख मिळायची शक्यता. वाढप्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू शेजारच्या गावची बाई भेटली. तुम्हीही बिनधास्त विचारा. डेंग्यातलं मास हवं तर नर, लाख हवी तर मादी. अवसेला कुर्ल्या भरलेल्या आणि पुनवेला पोकळ, हे आपल्याकडचं गणित मात्र इथे कोणी मांडत नाही. ते वजन बघतात, आणि हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागतो का ते.

चिली क्रॅब आपल्याला झेपेल इतका तिखट असतो का?

नाव ऐकून लहान मुलांना लांब ठेवू नका. हा रस्सा गोड, आंबट आणि मग मागून थोडा तिखट. कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्याची सवय असलेल्याला तो गोडच वाटेल. आमच्याकडच्या पाहुण्यांपैकी निम्म्यांची पहिली प्रतिक्रिया "हे गोड आहे!" अशीच असते. त्यात खोबरं नाही, तिरफळ नाही, मालवणी मसाल्याची खमंग काळपट चवही नाही. मालवणी कालवणाशी तुलना करत खाल्लं तर निराशा होईल. टोमॅटो, मिरची, लसूण, आलं, थोडा आंबवलेला सोयाबीन आणि अंडं, असा तो वेगळाच रस्सा आहे. तिसऱ्या घासाला जीभ जुळवून घेते आणि मग हात थांबत नाही.

तिखट हवंच असेल तर कापलेली "चिली पडी" मागा. बारीक लाल मिरची सोया सॉसमध्ये घालून छोट्या वाटीत देतात, ती खरोखर झणझणीत असते.

मग कोणता खेकडा मागवावा?

पहिल्यांदा जात असाल आणि एकच मागवणार असाल तर चिली क्रॅब, कारण पावाबरोबर तो रस्सा खाणं हाच निम्मा आनंद. दोन मागवू शकत असाल तर दुसरा काळ्या मिरीचा. माझं स्वतःचं मत विचाराल तर आपल्या माणसांना काळी मिरी जास्त आवडते. तो कोरडा असतो, लोण्यात परतलेली भरड मिरी कवचाला चिकटलेली असते, कधी कढीपत्ताही असतो, आणि बोटं चाटताना नाकातून धूर निघतो.

खारवलेल्या अंड्याच्या बलकातला, पांढऱ्या मिरीचा, किंवा शेवयांसारख्या तांदळाच्या बारीक नूडल्सबरोबर रश्शात शिजवलेला "क्रॅब बीहून" हे पुढच्या फेरीसाठी ठेवा. बीहून आजी-आजोबांना फार सोयीचा पडतो, सगळा अर्क नूडल्समध्ये उतरतो आणि कवच फोडायची मेहनत कमी.

किती पैसे लागतात? बिलात नेमकं काय काय जोडतात?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. इथे चुकलात तर सबंध जेवणाची चव जाते.

खेकडा, शेवंड, मासे, मोठी कोळंबी यांचा भाव मेन्यूवर बहुधा १०० ग्रॅमला लिहिलेला असतो, किंवा "बाजारभाव" एवढंच. आपण किलोच्या भावाला सरावलेले, त्यामुळे १० डॉलर वाचून वाटतं, अरे स्वस्त आहे. ते १० डॉलर १०० ग्रॅमचे. नावाजलेल्या ठिकाणी खेकड्याचा भाव किलोला साधारण १०० सिंगापूर डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर जातो.

हिशोब असा करा. सव्वा नको, १.२ किलोचा खेकडा घेऊ, १०० ग्रॅमला १० डॉलर. खेकडा झाला १२० डॉलरचा. मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतात, "प्लस प्लस". पहिलं अधिक म्हणजे १० टक्के सेवा शुल्क, १२ डॉलर. दुसरं म्हणजे जीएसटी, जो १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे, आणि तो सेवा शुल्कासकट १३२ डॉलरवर लागतो, म्हणजे ११ डॉलर ८८ सेंट. एकूण १४३ डॉलर ८८ सेंट. टाकीसमोर १२० म्हणून ठरवलेला खेकडा टेबलावर १४४ चा झाला. यात कोणी फसवलेलं नसतं, पण आधी माहीत नसेल तर माणूस बिल हातात घेऊन गप्प होतो.

म्हणून मागवताना तीन गोष्टी विचाराच: १०० ग्रॅमचा भाव किती, निवडलेल्या नगाचं वजन किती, आणि त्याचे एकूण किती होतील. खेकडा काट्यावर ठेवून आकडा दाखवा म्हणावं. इथे हे विचारणं अगदी नेहमीचं आहे, स्थानिक कुटुंबंही विचारतात. लाजायचं काही कारण नाही.

भाव रोज बदलतात आणि चिनी नववर्षाच्या आसपास चढतात, तेव्हा कोणी गेल्या वर्षी दिलेले पैसे धरून बसू नका.

पर्यटकांना लुबाडतात असं ऐकलंय. खरं का?

दोन प्रकरणं खूप गाजली, आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत कारण ती वेगळ्या प्रकारची होती.

२००९ साली न्यूटन फूड सेंटरमधल्या एका स्टॉलने अमेरिकन पर्यटकांकडून आठ टायगर कोळंब्यांचे २३९ डॉलर घेतले. ओरड झाली, सरकारने त्या स्टॉलवर कारवाई केली.

२०२३ साली एका जपानी पर्यटक महिलेने एका रेस्टॉरंटमध्ये अलास्का किंग क्रॅब मागवला. भाव होता १०० ग्रॅमला २६ डॉलर ८० सेंट. खेकडा निघाला साडेतीन किलोचा. ३५ गुणिले २६.८०, म्हणजे ९३८ डॉलर, एका खेकड्याचे. तिला वाटलं होतं भाव सबंध नगाचा आहे. पोलिसांना बोलावण्यापर्यंत गोष्ट गेली, शेवटी रेस्टॉरंटने थोडी सूट दिली.

पहिलं प्रकरण लुबाडणुकीचं, दुसरं न विचारल्याचं आणि नीट न सांगितल्याचं. बहुतेक भांडणं दुसऱ्या जातीची असतात. आमच्याही बाबतीत एकदा झालं. "मध्यम खेकडा" असं तोंडी सांगितलं, वजन विचारलं नाही, आणि आला दीड किलोचा. त्या दिवशी माझे सासरे घरी येईपर्यंत बोलले नाहीत, पैशापेक्षा आपल्या जेवणाचा सुनेवर भार पडला म्हणून. तेव्हापासून मी काट्यावरचा आकडा बघितल्याशिवाय हो म्हणत नाही.

आणि अलास्काचा किंग क्रॅब, ऑस्ट्रेलियन शेवंड, जिओडक हे शिंपलं अशा वस्तू वाढपी आपणहून सुचवायला लागला तर तिथेच भाव विचारा.

टेबलावर आपोआप आलेले शेंगदाणे आणि ओले रुमाल फुकट असतात का?

नाही. शेंगदाणे, लोणचं, ओले रुमाल, चहा, सगळं बिलात लागतं. नको असेल तर आल्या आल्या हसून "नको" म्हणून परत द्या, कोणाला राग येत नाही. रुमाल मात्र ठेवून घ्या, खेकडा खाणार असाल तर लागणारच. चहा माणशी धरतात. नळाचं पाणी सिंगापुरात निर्धास्त पिता येतं, पण काही रेस्टॉरंटं साध्या पाण्याचेही थोडे पैसे लावतात.

टिप द्यावी का?

गरज नाही. सेवा शुल्क बिलातच असतं.

कुठे जावं?

एकच नाव सांगायला मी कचरते, कारण प्रत्येक ठिकाणाचा उपयोग वेगळा.

कुटुंबासह, समुद्राचा वारा खात, निवांत जेवायचं असेल तर ईस्ट कोस्ट पार्कमधलं ईस्ट कोस्ट सीफूड सेंटर. इथे रेस्टॉरंटं ओळीने आहेत. जम्बो सीफूडची सुरुवात १९८७ साली इथेच झाली. हा सगळा किनारा समुद्रात भराव घालून केलेला आहे. जिथे बसून तुम्ही खेकडा फोडता तिथे एके काळी पाणी होतं. मरीन ड्राइव्हची माणसं हे लगेच समजतील. संध्याकाळी सहाच्या सुमारास पोचा, जेवणाआधी किनाऱ्यावर चक्कर मारा. टॅक्सीने जाणं सोपं.

नदीकाठची रोषणाई आणि फोटो हवे असतील तर "क्लार्क की" नावाचा भाग. मेट्रोच्या दारात आहे, गर्दी भरपूर, जागेचं भाडं किमतीत दिसतं.

पैसे जपायचे असतील तर "झे चार". सरकारी वसाहतींच्या तळमजल्यावर कॉफीशॉप असतात, तिथे एका कोपऱ्यात एक कुटुंब कढया घेऊन स्वयंपाक करतं, त्याला झे चार म्हणतात. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंख्याचा वारा, बऱ्याचदा सेवा शुल्क नाही. गेलांग भागात अशी उत्तम ठिकाणं आहेत. माझ्या मते सिंगापूरची खरी चव इथे कळते. आई-वडिलांना पहिल्या दिवशी समुद्रकाठी न्यावं आणि चौथ्या दिवशी इथे.

न्यूटनसारख्या हॉकर सेंटरला अवश्य जा, पण स्टॉलवर लावलेला भाव वाचूनच मागवा. तिथे टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट पडलेलं दिसलं तर ती जागा कोणीतरी धरून ठेवली आहे, उचलून बसू नका. आणि जेवण झाल्यावर तुमचा ट्रे तुम्हीच नेऊन ठेवायचा, तो आता कायदाच आहे. सिंगापूरची ही हॉकर संस्कृती २०२० साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली.

पुढच्या विमानासाठी चांगी विमानतळावर चार-पाच तास थांबणार आहे. तिथे खाता येईल का?

विमानतळाला लागून ज्युएल नावाचा मॉल आहे, आत मोठा धबधबा असलेला, तिथे जम्बोची शाखा आहे. पण ज्युएल इमिग्रेशनच्या बाहेर आहे. म्हणजे भारतीय पासपोर्टवर बाहेर पडायची परवानगी, बहुधा व्हिसा, हातात हवा. नसेल तर त्या धबधब्यापर्यंतही पोचता येणार नाही. हे लोकांना विमानतळावर उतरल्यावर कळतं आणि फार वाईट वाटतं.

आधी टेबल राखून ठेवावं लागतं का?

शुक्रवार ते रविवार रात्री, हो. नावाजलेल्या ठिकाणी रात्रीच्या दोन पंगती असतात असं समजा, एक सहाच्या सुमाराची, दुसरी आठची. आपल्या सवयीने नऊला पोचलात तर खेकडे संपलेले असू शकतात आणि स्वयंपाकघर आवरायला घेतलेलं असतं. मोठा खेकडा हवाच असेल तर टेबल सांगतानाच तोही सांगून ठेवा.

हाताने खाल्लं तर चालतं का? चॉपस्टिक येत नाहीत.

चालतं कसलं, दुसरा मार्गच नाही. चिली क्रॅब सगळेच हाताने खातात, सूट घालून आलेला माणूससुद्धा. गळ्यात बांधायला प्लॅस्टिकचा लाळेऱ्यासारखा रुमाल देतात, तो बांधा. पांढरा कुर्ता त्या दिवशी नको.

खेकडा येतो तो तुकडे केलेला, कल्ले काढलेला आणि डेंगे आधीच ठेचलेले. वरचं कवच शोभेसाठी वर ठेवलेलं असतं. आधी डेंगा उचला. ठेचलेल्या जागी अंगठे लावून कवच उघडा, गरज पडली तर अडकित्त्यासारखं साधन दिलेलं असतं. आत मास एकसंध निघतं, पांढरं, टोकाशी गुलाबी. ते रश्शात बुडवून खा. मग पेंदा घ्या. मधोमध मोडला की कप्प्याकप्प्यांत मास बसलेलं दिसतं, ते बारीक टोकदार काडीने काढायचं. शेवटी पाय चोखायचे. कवचाच्या आतला पिवळसर मगज भातात कालवून खाणारे लोक आमच्या घरात तरी भांडून घेतात.

आणि मांतोऊ मागवायला विसरू नका. हे छोटे गोडसर पाव. वाफवलेले किंवा तळलेले मिळतात, तळलेलेच घ्या. बाहेरून कुरकुरीत सोनेरी, आत कापसासारखे. फोडून रश्शात बुडवले की पाव रस्सा पिऊन घेतो. सहा जणांना एक बशी कमी पडते.

शेवटी लिंबाच्या किंवा चहाच्या पाण्याची वाटी येते. ती हात धुवायला आहे, प्यायला नाही.

मासा मागवला तर तो कसा खातात?

अख्खा वाफवून येतो. हाँगकाँग पद्धतीत आलं, पातीचा कांदा, सोया आणि वरून कडकडीत तेल. त्योच्यू पद्धतीत खारवलेलं आलुबुखार, टोमॅटो आणि मोहरीच्या पाल्याचं लोणचं. ही दुसरी आंबट चव आपल्याला जवळची वाटते. सी बास म्हणून जो मासा मिळतो तो बहुधा आपला जिताडा. अलिबागकडच्या माणसाला हे सांगितलं की त्याचा चेहरा उजळतो. पापलेटही याच पद्धतीने करतात.

वरची बाजू खाऊन झाली की मासा उलटवायचा नाही. मधला काटा शेपटीकडून उचलून काढायचा आणि खालची बाजू तशीच खायची. मासा उलटवला तर कोळ्याची होडी उलटते, अशी इथल्या जुन्या चिनी लोकांची समजूत. ज्येष्ठ माणूस असेल त्याच्याकडे माशाचं तोंड करतात.

खेकड्याशिवाय काय चाखावं?

सीरियल प्रॉन्स, हे माझं पहिलं उत्तर. तळलेल्या कोळंबीवर ओट्ससारख्या धान्याचा गोडसर चुरा लोण्यात, कढीपत्त्यात आणि मिरचीत परतून घातलेला. मुलं कोळंबी सोडून चुराच खातात.

सांबल स्टिंगरे म्हणजे आपली वाघळी किंवा पाकट. केळीच्या पानावर ठेवून, वर सांबल थापून भाजतात आणि छोटं आंबट लिंबू पिळतात. हा हॉकर सेंटरमध्येच जास्त चांगला. सांबलमधलं बलाचान म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी मीठ लावून, आंबवून, वाळवून केलेली वडी. घरात सुका जवळा परतल्याचा वास ज्याला आवडतो त्याला हे लगेच आवडेल.

तिसऱ्यांसारखी शिंपली इथे "लाला" नावाने येतात. लांब सुरीच्या पात्यासारखी बांबू क्लॅम लसूण घालून वाफवतात. कालवांचं अंडं घातलेलं ऑम्लेट. आणि सांबल घातलेली कांगकोंग, म्हणजे आपली नाळीची भाजी. पाण्याकाठी उगवते म्हणून आपल्याकडे तिची फारशी किंमत नाही, इथे प्रत्येक टेबलावर असते.

फिश हेड करीही तिथेच मिळते का?

काही ठिकाणी आंबट मलाय पद्धतीची मिळते, पण ती खायला लिटल इंडियात रेसकोर्स रोडच्या बाजूला जा. हा पदार्थ सिंगापुरातच, एका भारतीयाने केलेला: केरळच्या एम. जे. गोमेझ यांनी १९४९ साली. चिनी लोक माशाचं डोकं आवडीने खातात हे पाहून त्यांनी ते दाक्षिणात्य रश्श्यात टाकलं. तांबोशीचं मोठं डोकं, चिंच, भेंडी, वांगी. कोकणातल्या माणसाला हे जेवण समजावून सांगावं लागत नाही.

घरातले दोघे शाकाहारी आहेत. त्यांनी काय करायचं?

खरं सांगते, या जागा त्यांच्यासाठी नाहीत. भाजीतही ऑयस्टर सॉस, सुकी कोळंबी किंवा बलाचान असतं, टोफू बऱ्याचदा अंड्याचा असतो, आणि कढई तीच. लसूण घातलेली कायलान ही पालेभाजी, साधा भात, तळलेले मांतोऊ एवढं सांगून करून घेता येतं. "ऑयस्टर सॉस नको, अंडं नको, सुकी कोळंबी नको" असं एकेक नाव घेऊन सांगा. नुसतं "व्हेज" म्हटलं तर वरचे मासाचे तुकडे बाजूला काढून आणतील, आणि त्यात त्यांचा दोष नसतो, त्यांच्या लेखी ती भाजीच असते.

वास सहन होत नसेल तर त्यांना जबरदस्तीने बसवू नका. सेरंगून रोडवर १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास आहे, तिथे आधी पोटभर जेवू द्या. जैन मंडळींसाठी चिनी बौद्धांची शाकाहारी उपाहारगृहं पाहा. तिथे कांदा-लसूण बहुधा वर्ज्य असतो, मात्र बटाटा-गाजर असतं, तेवढं विचारून घ्या.

डुकराचं मांस किंवा दारू टाळायची असेल तर?

चिनी स्वयंपाकघरात चरबी आणि शाओशिंग वाइन दोन्ही नेहमी वापरतात. वाफवलेल्या माशातही वाइनचा शिडकावा असू शकतो, ड्रंकन प्रॉन्समध्ये तर नावातच आहे. तारोच्या (अळूच्या कंदाच्या) गोड लगद्यात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी असते, हे फार कमी जणांना माहीत असतं. हलाल हवं असेल तर मुईस या संस्थेचं प्रमाणपत्र भिंतीवर पाहा. चिली क्रॅब करणारी हलाल ठिकाणंही आहेत.

कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे. सोबत जाऊन दुसरं काही खाल्लं तर?

जाऊ नका. तीच कढई, तेच तेल, आणि हवेत त्याचीच वाफ. यात धोका पत्करण्यासारखं काही नाही.

लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर आहेत.

इथली रेस्टॉरंटं कुटुंबांसाठीच असतात, उंच खुर्च्या मिळतात, आवाज झाला तरी कोणी वळून बघत नाही. मुलांना फ्राइड राइस आणि सीरियल प्रॉन्स. वयस्करांना वाफवलेला मासा आणि बीहून. आत एसी फार थंड असतो, आजीची शाल घ्या. वाढणाऱ्या वयस्क बाईला "आंटी" आणि पुरुषाला "अंकल" म्हणायची इथे पद्धत आहे, आपल्याला ती अगदी सोपी जाते.

चिनी नववर्षात यावं का?

दुकानं बंद, भाव चढे, टेबल मिळणं मुश्कील. तरी एकदा बघण्यासारखं आहे. त्या दिवसांत "लो हेई" करतात: कच्च्या माशाचे काप, किसलेल्या भाज्या, शेंगदाण्याचा कूट एका मोठ्या थाळीत घेऊन सगळे उभे राहून चॉपस्टिकने उंच उडवतात आणि मोठ्याने शुभेच्छा देतात. आजचं हे रूप १९६० च्या दशकात सिंगापुरातल्याच चार शेफनी घडवलं, आणि त्यातले एक ते हूई कोक वायच.

उरलं तर बांधून मिळतं का? घरी नेता येईल का?

"दा पाव" म्हणा, लगेच डब्यात भरून देतील. खेकडा संपला तरी रस्सा टाकू देऊ नका. आम्ही तो डब्यात आणतो, दुसऱ्या दिवशी सकाळी गरम करून त्यात अंडी फोडतो आणि पावाबरोबर खातो.

भारतात न्यायला सुपरमार्केटमध्ये चिली क्रॅबच्या मसाल्याची तयार पाकिटं मिळतात. आई दोन घेऊन गेली. मालवणच्या बाजारातल्या कुर्ल्या आणून तिने केलं, आणि फोनवर म्हणाली, "पाकीट अर्धंच घातलं, बाकी आपला मसाला. आता जरा चव आली."